तिसरा चौकोन

सिद्धेश्वराच्या तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभं करा, तिथंही हेच सांगेन: यातला शब्द न् शब्द खरा आहे. मंगळवारची गोष्ट. मंगळवार कसा असेल, सोमवारची. दोन वर्षं झाली... तीन म्हणा. आमची मंडळी म्हणते, तुमच्या प्रत्येक खऱ्या गोष्टीला दोन वार आणि तीन सालं असतात. असू देत. वार चुकला म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आणि हो, एका ठिकाणी मी माझ्या पदरचं घातलं आहे. कुठं, ते शेवटी सांगतो. मी सावलीतही टोपी का घालतो असं लोक विचारतात, त्याचं उत्तरही तिथंच आहे.

तर सिद्धराम. सात रस्त्याच्या अलीकडं एका जिन्याखाली याचं दुकान. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल आणि दारावरच्या पाटीत ‘लाइव्ह’ हा शब्द दुकानापेक्षा मोठा. पूर्वी लग्नाचं साधं शूटिंग करायचा. लॉकडाउनमध्ये पन्नास माणसांत लग्नं लागायला लागली, उरलेले पाचशे घरी बसून फोनवर अक्षता टाकायला लागले, तेव्हापासून हा लाइव्हवाला झाला. बारसं, साखरपुडा, कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, एकदा तर एका पैलवानाच्या म्हशीचा वाढदिवससुद्धा त्यानं जगाला दाखवला. सोबत बायको पूनम. एक कॅमेरा तिकाटण्यावर उभा, एक पूनमच्या खांद्यावर, आणि सिद्धराम कानाला हेडफोन लावून मिक्सरसमोर.

मिक्सर म्हणजे वहीएवढी पेटी. तिला चार कॅमेरे लागतात, म्हणून चार बटणं, आणि समोरच्या पडद्यावर चार चौकोन. ज्या चौकोनाचं बटण दाबाल तेवढंच चित्र जगाला जातं. यांच्याकडं कॅमेरे दोनच. त्यामुळं तिसरा आणि चौथा चौकोन जन्मापासून काळे. पूनम म्हणायची, “दोन डोळं देवानं दिल्यात, दोन बँकेनं द्यायचं राहिल्यात.”

एका दुपारी दुकानात एक बाई आली. राजाबाई, वळसंगची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची. पदराला अजून कापसाचे तंतू चिकटलेले. कपाळावर मात्र रुपयाएवढं ठसठशीत कुंकू.

“तुमी लाइव करता न्हवं?”

“करतो की, मावशी. बसा.”

“जगात कुटंबी दिसतंय?”

“कुटंबी. दुबईत बसा न्हायतर बार्शीत.”

बाई पुढं सरकली. “आन् बगनारा मानूस कुटं हाय त्येच ठावं नसंल तर?”

मग तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली, तिचा नवरा बिरुदेव भर दुपारी मेंढरांना पाणी पाजायला म्हणून गेला. संध्याकाळी मेंढरं परत आली, मोजून सगळी. माणूस आला नाही. धाकटा दीर गुंडा म्हणाला, “माझ्याशी भांडून गेला, अक्कलकोटला विजापूरच्या गाडीत चढताना मी बगितला.” कुणी त्याला इंडीच्या बाजारात पाहिलं, कुणी आणखी कुठं. राजाबाईनं सगळं ऐकलं आणि कुंकू पुसलं नाही. आता पोरीचं, रुपालीचं लग्न ठरलं होतं.

“लिंक का काय म्हंत्यात ती पत्रिकेवर छापा. पत्रिका ह्या हातातनं त्या हातात जाती. कवातरी त्याच्या हातात पडंल. ल्योकीच्या डोक्यावर अक्षता पडताना बगितल्यावर बाप बसंल व्हय तितं?”

पत्रिकेच्या कोपऱ्यात सिद्धरामनं क्यूआर कोड टाकून दिला. फोन धरला की लग्न उघडतं.

लग्न बारा पस्तीसचं. मे महिना. वळसंगात सकाळी नऊलाच ऊन असं की मांडवाचं कापड हाताला चटका देत होतं. मांडव गुंडाच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत. मांडववाला शरणप्पा, अक्कलकोटकडचा म्हातारा, स्टेजचा शेवटचा खांब रोवत होता आणि खांब काही उभा राहत नव्हता. पहार मारली की सुर्रकन हातभर आत.

“काय झालं वो, शरणप्पा?”

“इल्लि बावी इत्तु,” तो स्वतःशीच पुटपुटला, मग सिद्धरामकडं बघून म्हणाला, “हितं हीर हुती. दगडं टाकून भरलीया. पन खाली पोकळच हाय बगा.” त्यानं पहार उपसली. टोकाला ओली काळी माती चिकटली होती. पाच महिने पावसाचा थेंब नाही, आणि ओली माती. वास आला... ओल्या लोकरीसारखा. शरणप्पानं पहार घाईघाईनं चिंध्यानं पुसली आणि खांब दोन हात बाजूला नेला.

सिद्धरामनं आपलं टेबल स्टेजच्या डाव्या अंगाला, जमखान्यावर लावलं. सावली तेवढीच होती. जेवणाच्या बाजूला मोठा एलईडी पडदा उभा होता. जे जगाला जाणार तेच त्यावर दिसणार.

तेवढ्यात गुंडा आला. अंगानं थोराड, डोक्याला लाल पटका, बोलताना समोरच्याच्या पाठीवर थाप मारायची सवय.

“पावनं, ह्ये लाइव-बिइव कशाला? शूटिंग काडा, पेन ड्राइव्ह द्या, मिटलं.”

“राजाबाईंनी सांगितलंय वो.”

“तिचं काय ऐकताय! नऊ वर्सं डोकं जाग्यावर न्हाय तिचं.” मग आवाज उतरवून, “कोन कोन बगतंय त्ये कळतंय व्हय ह्यात?”

“आकडा कळतो. कुणी लिहिलं तर बोलणंबी कळतं.”

गुंडानं थाप मारायला उचललेला हात तसाच खाली घेतला आणि निघून गेला.

साडेदहाला सिद्धरामनं तपासणीसाठी लाइव्ह चालू केलं. अजून वऱ्हाड यायचं होतं, लिंक कुणी उघडायचा प्रश्नच नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याचं चिन्ह असतं, त्यापुढं बघणाऱ्यांचा आकडा. तिथं शून्य हवं होतं.

एक होता.

“पूनम, फोनवर बघतीस काय गं?”

हेडफोनात तिचा आवाज आला, “माझा फोन पिशवीत, पिशवी गाडीत, गाडी उन्हात. शिजत असंल.”

सिद्धरामनं लाइव्ह बंद केलं, पुन्हा चालू केलं. एक. त्याचा संशय सरळ युवराजवर गेला. हा दुसरा लाइव्हवाला. लोकांची चित्रं उचलून त्यावर स्वतःचं नाव टाकायची त्याची ख्याती. त्यानं फोन लावला.

“युवऱ्या, आमचं लाइव्ह कशाला बघतोस रे चोरा?”

“तुझं? मी हितं जुळे सोलापुरात साखरपुड्यात हाय. माझंच नेट बोंबलतंय, नवरी अंगठी घालाय लागली की तितंच गोठतीया. तुझं कशाला बघू?” मागं सनई वाजत होती. खोटं बोलत नव्हता.

राजाबाई चहा घेऊन आली. नवीन लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, चेहऱ्यावर एक विलक्षण घाई. सिद्धराम सहज म्हणाला, “मावशी, आत्ताच एकजण बघतोय बगा. कुणाला कुणाला दिल्या पत्रिका?”

“पयली बिरोबाच्या पायाशी. दुसरी मालकाची.” तिनं पदरानं घाम टिपला. “त्यो शेवटचा मेंढरांस्नी पानी पाजाय जितं गेला, त्या हिरीवर ठिवून आली. दगडाखाली दाबून. त्याच्या हातानं त्येनं घ्यावी म्हनून.”

“कुठली विहीर?”

“भरली न्हवं ती भाऊजीनं. मालक गेल्यावर आठ दिसांत. करडू पडून मेलं म्हनाले.” तिनं हनुवटीनं दाखवलं. “त्ये काय, तुमी बसलायसा तितंच की.”

सिद्धरामनं चहाचा घोट घेतला. मग कप टेबलावर ठेवला आणि पायाखालच्या जमखान्याकडं बघितलं.

साडेअकरापासून लोक वाढले. आकडा चाळीस झाला, नव्वद, दीडशे. ढोल सुरू झाले, भंडारा उधळला गेला, सगळा मांडव पिवळा. पुण्याचे, मुंबईचे नातेवाईक लिहू लागले: शुभेच्छा, रुपा लई छान दिसती, जेवायला काय केलंय. या गर्दीत एक बोलणं आलं. नाव नाही, फोटो नाही, नुसता करडा गोल.

‘मेंढरं कुटं हायत.’

कुणीतरी टवाळ असेल म्हणून सिद्धराम हसला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लाइव्ह म्हणतात खरं, पण ते तीस सेकंद शिळं असतं. मांडवात जे आत्ता घडलं ते पुण्याच्या माणसाला अर्ध्या मिनिटानं दिसतं. आधी कुणालाच दिसत नाही, त्याला इलाज नाही. तर झालं असं, मांडवाच्या तोंडाशी एका म्हातारीचा पाय अडखळला आणि हातातलं हळदीचं ताट पडलं. ताटाचा खणखणाट अजून थांबला नव्हता, तोच करड्या गोलापुढं अक्षरं उमटली:

‘हळद सांडली.’

सिद्धरामची बोटं जागच्या जागी थबकली. अर्धं मिनिट जायच्या आत हे कळलंच कसं? म्हणजे हा बघणारा लिंकवर बघतच नव्हता. तो इथंच होता, मांडवात, स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता.

त्यानं मान वर केली. पन्नास फोन हवेत उचललेले. खांबाला टेकलेला तो बनियनवाला? आचाऱ्याजवळचा चष्मेवाला? गुंडाचा मेहुणा मघापासून मान खाली घालून काय टाइप करतोय? सिद्धराम उठून त्याच्या मागनं गेला. मेहुणा कांद्याचा भाव बघत होता. परत येऊन बसला, तर अक्षरं होतीच.

‘परत आला व्हय जाग्यावर.’

कुणीतरी पाठीमागनं बघतंय, एवढं नक्की. सिद्धराम सोलापुरी खट. त्यानं मनाशी म्हटलं, थांब, तुझी लबाडीच पकडतो. त्यानं डावा हात टेबलाखाली नेला, टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत ओढलं, आणि उजव्या हातानं लिहिलं: ‘मी किती बोटं दाखवतोय?’ मागचा, पुढचा, बाजूचा, कुणालाही तो हात दिसणं शक्य नव्हतं.

उत्तर लगेच आलं.

‘दोन. एकात अंगठी हाय.’

ढोल वाजत होते. भर बाराचं ऊन मांडवाच्या कापडातनं गाळून पिवळं पडत होतं. आणि सिद्धरामच्या तळपायांना गार लागलं. त्यानं हळूच कापड उचलून खाली पाहिलं. कुणी नाही. नुसता जमखाना. पण त्याच्या दोन पायांच्या मधोमध जमखान्यावर ओल आली होती. ताटाएवढी. गोल. आणि तो वास... मेंढरं पावसात भिजून आल्यावर येतो तो.

त्यानं हात झटकन वर घेतला.

‘भिऊ नगं. कोकरू लई मोटं झालं की.’

“पूनम,” तो हेडफोनात कुजबुजला, “कोकरू कोण? नवरीला विचार... हळूच.”

पूनमनं मुंडावळ्या नीट करायच्या निमित्तानं नवरीजवळ जाऊन विचारलं. दोन नंबरच्या चौकोनात रुपालीचा चेहरा होता. तो चेहरा हसता हसता बदलला, लहान झाला, नऊ-दहा वर्षांच्या पोरीसारखा.

“अगं बाई,” पूनमचा श्वास ऐकू आला. “तिचा बाप तिला म्हणायचा म्हणं. कोकरू. दुसरं कुणीच न्हाय.”

ही गोष्ट राजाबाईपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागली नाहीत. ती धावत आली. बांगड्या टेबलावर आपटल्या.

“जित्ता हाय! मी म्हनलंच व्हतं! कुटं लिवलंय? कुटं?” तिला वाचता येत नव्हतं, ती पडद्यावर बोट फिरवत होती. “त्यालाबी अक्षर येत न्हाय वो. कुनाकडनं लिवून घेत असंल. इचारा की दादा, कुटं हायस म्हनावं... म्हनावं, तुजा पाट मांडलाय, पाटावर घोंगडं ठिवलंय, काठी ठिवलीया. ये म्हनावं!”

खरंच तसं होतं. स्टेजवर कन्यादानाच्या जागी एका पाटावर काळं घोंगडं घडी घालून ठेवलं होतं, वर काठी. राजाबाईचा हट्ट. आणि त्याच्या शेजारच्या पाटावर, कन्यादान करायला, गुंडा बसला होता.

सिद्धरामनं लिहिलं: ‘कुठे आहात?’

‘हितंच. डोक्यावर लई पाय हायत.’

“काय म्हनला? काय म्हनला त्यो?”

सिद्धरामनं पहिला शब्द वाचला. पुढचे गिळले.

“‘हितंच’ म्हणतोय, मावशी.”

“हितंच!” राजाबाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले. “मांडवात हाय म्हंजे!” आणि ती गर्दीत शिरली. टाचा उंचावून एकेका पुरुषाच्या तोंडाकडं बघू लागली. नऊ वर्षांत माणूस किती बदलतो, दाढी वाढते, केस जातात, म्हणून एकेकाला निरखून. काहींनी ओळखीचं हसून नमस्कार केला. ती पुढं गेली.

बारा अठ्ठावीस. भटजींनी अंतरपाट मागितला.

आणि तिसरा चौकोन उजळला.

आधी सिद्धरामला वाटलं, उन्हाचा कवडसा. त्यानं हातानं सावली धरली. कवडसा नव्हता. त्यानं पेटीच्या मागं चाचपून पाहिलं. तिसऱ्या भोकात वायर नव्हती, बोट आत जात होतं. आणि पडद्यावर, तिसऱ्या चौकोनात, चहूबाजूंनी काळोख आणि मधे उजेडाचं एक गोल भोक. आभाळ. खूप वर, खूप लांब. जसं विहिरीच्या तळाशी उताणं पडून बघावं तसं.

गोलाच्या कडेवर एक डोकं आलं. उन्हाच्या उलट, म्हणून तोंड काळं. पण पटका लाल होता. ते डोकं बराच वेळ नुसतं खाली बघत राहिलं. मग नाहीसं झालं. परत आलं तेव्हा दोन्ही हात डोक्याच्या वर होते, आणि हातात काहीतरी जड होतं. हात सुटले. ते जड काहीतरी मोठं होत होत आलं, सगळा गोल भरून गेला... काळोख. मग पुन्हा गोल. पुन्हा आभाळ. पुन्हा तो पटका.

आवाज नव्हता. करड्या गोलापुढं मात्र अक्षरं आली.

‘दाव समद्यांना. तीन नंबर दाब.’

सिद्धरामचं बोट तिसऱ्या बटणावर गेलं. त्यानं स्टेजकडं पाहिलं. गुंडा सरळ त्याच्याकडं बघत होता. कॅमेऱ्याकडं नाही, त्याच्याकडं.

सिद्धरामनं बटण दाबलं.

एलईडी पडद्यावर, दहा फूट उंच, ते भोक उघडलं. ढोल एकेक करून थांबले. जेवणाऱ्यांचे घास हातात राहिले. लाल पटका कडेवर आला, हात वर गेले, सुटले, आणि सगळ्या मांडवातनं एकच चीत्कार निघाला. गुंडा पाटावरनं उठला, चार पावलं चालला आणि जमखान्यावरच्या त्या ओल्या गोलाशी गुडघ्यांवर बसला. “पानी मागत हुता वो... खालनं लई येळ पानीच मागत हुता,” एवढंच बोलला. शरणप्पानं न सांगता पहार आणली. संध्याकाळपर्यंत दगड निघाले. राजाबाईनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मोकळं रडली. नवरदेवाकडची माणसं भली; महिन्याभरानं त्यांनी त्याच पोरीला सून करून नेलं.

इथं आलं की ऐकणारे उसासा टाकतात. कुणी डोळे पुसतं. मग चहा येतो. मला तेव्हा फार बरं वाटतं.

पण पदरचं घातलंय, ते हेच. बटण दाबलं, ते. तिथनं पुढचं सगळं माझं. करडा गोल खरा, दोन बोटं खरी, तिसरा चौकोन खरा. सिद्धरामनं बटण दाबलं नाही.

का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. म्हणाला, “एक नंबरच्या चौकोनात नवरी हुती, अंतरपाटाआडनं नवऱ्याकडं बघून हसत हुती. दोन नंबरात तिची आई हुती, माणसं शोधत. तीबी हसत हुती. तीन दाबलं असतं तर दोन्ही गेलं असतं. मी म्हनलं, अक्षता पडू द्याव्यात... मग दाबू.” अक्षता पडल्या. कन्यादान गुंडानं केलं. मग जेवणं झाली, मग वरात. दाबायचं राहून गेलं. राजाबाई शेवटी आली तेव्हा त्यानं सांगितलं, “नेट गेलं, मावशी. पण बघितलं त्यांनी. सगळं बघितलं.” तिनं त्याच्या हातावर दोन बुंदीचे लाडू ठेवले.

ती अजून दर महिन्याला कारखान्यातनं सुटली की दुकानात येते. कुंकू तेवढंच ठसठशीत. “आला व्हता का वो परत बगाय?” तो म्हणतो, “येतो की.” हे खोटं नाही. लाइव्ह त्यानं त्याच दिवशी बंद केलं. त्या बंद लग्नापुढं डोळ्याचं चिन्ह अजून आहे. एक.

विहिरीवर आता गुंडाच्या ट्रॅक्टरची शेड आहे. आणि सिद्धराम कुठंही गेला, लग्न असो की बारसं, पहिल्या मजल्यावर असो की चौथ्या, बारा अठ्ठावीसला तिसरा चौकोन उजळतो. तेच भोक, तेच आभाळ. फक्त आता कडेवर डोकी दोन असतात. एकाला पटका आहे. दुसऱ्याच्या कानांवर हेडफोन.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही कुणाला जाऊन सांगितलंस? सांगतोच आहे की, तीन वर्षं, दिसेल त्याला. पण वार चुकवून सांगतो, सालं बदलून सांगतो, सुरुवातीला शपथ घेतो. गप्पाड्यानं शपथ घेतली की ऐकणारा आधीच हसतो. मला ते ठाऊक आहे. म्हणून तर घेतो.

गेल्या वर्षी मुद्दाम एका साखरपुड्यात सिद्धरामच्या शेजारी जाऊन बसलो. बारा अठ्ठावीस झाले. पटका आला, हेडफोन आला, आणि त्यांच्या मधनं, सावकाश, तिसरं डोकं खाली डोकावलं. उन्हात चकाकत होतं. साफ टक्कल.

तेव्हापासून मी टोपी घालतो.

परवा सिद्धरामचा फोन आला होता. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “काका... तिसऱ्यानं आता टोपी घातलीया.”